सोमवारचे दप्तर



सापगावच्या या व्याख्यानमालेचे कार्यवाह मला निमंत्रण द्यायला आले तेव्हा, ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही माला दरसाल भरते त्यांच्याहून मी धर्माने वेगळा, ख्रिस्ती असूनही मला का बोलावता, असे मी त्यांना साहजिकच विचारले, त्यावर ते म्हणाले, "रविवारी तुमच्या देवळात काय चालते ते आम्हांला ऐकून थोडेफार ठाऊक आहे, सोमवारी तुम्ही काय करता ते सांगा." प्रश्न साधा होता, पण गेली कित्येक वर्षे तो मला आमच्या मंडळीत कोणी विचारला नव्हता, आणि आपल्याला तो कोणी विचारीत नाही याचे मला थोडेसे सुखही वाटत आले होते, हे मी प्रारंभीच कबूल करतो.

मी महसूल खात्यात चौतीस वर्षे कारकुनी केली. सातबारा, फेरफार, वारसनोंद, जमाबंदी या शब्दांवर माझे पोट चालले. त्या काळात आमच्या उपासनामंदिरात मी वर्गणी दिली, सणाला मांडव घातला, पंचकमिटीचा खजिनदार झालो, आणि माझा हिशेब चोख आहे म्हणून माझे अभिनंदनही झाले; मात्र तो चोख हिशेब मंडळीच्या पैशाचा होता, माझ्या टेबलावरील कागदांचा नव्हता. एका तालुक्याच्या कचेरीत, जिचे नाव मी सांगणार नाही, माझ्या कपाटात खालच्या खणात एका ठाकर विधवेच्या वारसनोंदीचे प्रकरण माझ्या टिपणीवाचून पडून होते. मी तिच्याकडे काही मागितले नव्हते. लाच घेण्याइतका मी धीटही नव्हतो. कागद नुसता आज-उद्यावर जात होता. ती बाई पाड्यावरून चालत फाट्यावर येई, तेथून एसटीने कचेरीत येई, भिंतीला टेकून उकिडवी बसे, आणि "साहेब आज नाय का?" एवढे विचारून दुपारच्या गाडीने परत जाई. तिच्या त्या फेऱ्यांतील प्रत्येक फेरीला एक दिवसाची मजुरी आणि दोन वेळचे भाडे पडत होते, हा हिशेब सातवी पास झालेल्या मुलालाही करता आला असता. मला तो अकराव्या फेरीला सुचला. टिपणी लिहायला वीस मिनिटे लागली.

त्या आठवड्यात मन खिन्न होऊन मी आमच्या पाळकांकडे गेलो आणि कचेरीतल्या कामाने मनाला स्वस्थता नाही, असे मोघम बोललो. पाळक सज्जन होते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून माझ्या बढतीसाठी प्रार्थना केली. पुढे बढती झालीही.

या प्रसंगात मी त्या पाळकांना दोष देत नाही, कारण मी अस्पष्ट बोललो होतो, आणि त्यांना ज्या धर्मविद्यालयात शिक्षण मिळाले तेथे उपदेश कसा करावा, आजाऱ्याला भेटायला कसे जावे, लग्न आणि मूठमाती कशी उरकावी हे शिकवले गेले असले तरी कारकुनाच्या कपाटाचा खालचा खण हाही पाळकीय क्षेत्राचा भाग आहे, असे कोणी शिकवले नसणार. आश्चर्य आहे ते निराळेच. आमच्या शास्त्राचे पान उघडावे तर तेथे पोटापाण्याच्या उद्योगांची गर्दी आहे. ख्रिस्त सुतार, त्याचे पहिले शिष्य कोळी, मत्तय जकातनाक्यावर बसलेला, पौल राहुट्या शिवून पोट भरणारा आणि त्याच धंद्यातील अक्विला व प्रिस्किल्ला या जोडप्याच्या घरी उतरणारा, लुदिया जांभळी वस्त्रे विकणारी. बाप्तिस्मा देणारा योहान यार्देनेच्या काठी गर्जत होता तेव्हा जकातदारांनी त्याला आम्ही काय करावे असे विचारले, आणि त्याने त्यांना अरण्यात यायला सांगितले नाही, नोकरी सोडायलाही सांगितले नाही. ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त वसूल करू नका, एवढेच सांगितले. महसूल खात्याला उद्देशून केलेले इतके नेमके प्रवचन माझ्या वाचनात दुसरे नाही. पण हा अध्याय आमच्याकडे नाताळाच्या आधी, आगमनकाळात वाचला जातो, आणि तोवर सगळ्यांचे लक्ष करंज्यांकडे लागलेले असते.

मग हा विसर पडला कसा? याचे उत्तर शोधायला आपल्याला फार दूर जावे लागणार नाही. आपल्या गावातील एखाद्या जुन्या घराच्या छपराकडे पाहिले तरी पुरे. ज्याला आपण मंगलोरी कौल म्हणतो ते कौल मूळ एका मिशनच्या कारखान्यातले. स्वित्झर्लंडमधील बासेल मिशनची माणसे 1834 मध्ये मंगळूरला आली. तेथे जे लोक बाप्तिस्मा घेत त्यांना जातीने वाळीत टाकले की जमीन जाई, बलुते जाई, आणि जे ताडी काढणारे होते त्यांचा धंदा मिशनला मान्य नसल्यामुळे तोही जाई. अशा माणसांना हाताला काम द्यायचे म्हणून मिशनने विणकामाचे माग घातले आणि 1865 मध्ये प्लेब्स्ट नावाच्या मिशनरीने यंत्रावर कौले पाडण्याचा कारखाना काढला. लाल माती, चिकण, भट्टी आणि शिस्त यांचा तो मेळ इतका जमला की पुढे त्याच धर्तीवर इतरांचेही कारखाने निघाले आणि पश्चिम किनाऱ्यावरचे गवती छप्पर हळूहळू मागे सरत गेले. आमच्याकडे नगरलाही विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकन मराठी मिशनचे चर्चिल हे अभियंता हातमागात सुधारणा करीत बसले होते. आणि केडगावला पंडिता रमाबाईंनी दुष्काळातून आणलेल्या मुली मुक्तिसदनात शेती करीत होत्या, विणत होत्या, आणि बाईंनी स्वतः केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराचे खिळे छापखान्यात स्वतःच्या हातांनी जुळवीत होत्या. 1922 मध्ये रमाबाई वारल्या तोवर ते काम चालले. ज्या मुलीने एकेक खिळा उचलून शास्त्राची ओळ बांधली तिला श्रद्धा आणि श्रम यांचा संबंध काय, हे समजावून सांगायला व्याख्याता नको.

हे सर्व थोर होते यात मला शंका नाही. पण त्या थोरपणाची एक किंमत आमच्या मंडळीने मोजली आहे. ज्या मिशनने आत्म्याचा सांभाळ करायचा तेच मिशन पगारपत्रकावर सही करणारे मालक झाले. कारखान्यात उशिरा आलेल्या कामगाराची गैरहजेरी मांडणारा आणि रविवारी त्याला प्रभुभोजन देणारा ही एकाच घरची माणसे. अशा ठिकाणी मजूर आपल्या कामाविषयी देवाजवळ काय बोलेल आणि साहेबाजवळ काय बोलेल हे वेगळे ठेवणे कठीण. पहिल्या महायुद्धात बासेल मिशनच्या गिरण्या व कौलांचे कारखाने सरकारने ताब्यात घेतले आणि ते व्यापारी कंपनीकडे गेले. कामगार तेच राहिले, भट्टी तीच राहिली, पण मालक आणि मिशन यांची फारकत झाली, आणि आता या कामाचे धर्माशी नाते काय, या प्रश्नाला तयार उत्तर उरले नाही. आमच्या घाटावरच्या मंडळ्यांत हीच गोष्ट दुसऱ्या रूपाने घडली. 'मिशनची नोकरी' हा शब्दप्रयोग आमच्या आजोबांच्या तोंडी असे, आणि त्याला एक वजन असे: मिशनच्या शाळेत मास्तर, मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर, बायबल-बाई, उपदेशक, ही देवाची कामे, रेल्वेत खलाशी, पोलिसात शिपाई, मामलेदार कचेरीत कारकून, हा नुसता संसार. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने नेमका हाच भेद मोडला होता. मठातील संन्याशाला तेवढे देवाचे पाचारण असते आणि शेतकऱ्याला नसते, हे त्याने नाकारले, आणि त्याच्या जर्मन भाषेत पाचारण व उद्योग यांना एकच शब्द रूढ झाला. त्या ल्यूथरचे वारस म्हणवणाऱ्यांनी हिंदुस्थानात येऊन मठाच्या जागी मिशन कंपाऊंड उभे केले, ही इतिहासाने केलेली थट्टा आहे.

हे कोणाच्या प्रथम ध्यानात आले असेल तर नारायण वामन टिळकांच्या. 1895 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पुढे दोन तपांच्या आसपास ते मिशनच्या वेतनावर राहिले, आणि 1917 मध्ये ते वेतन सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' स्थापला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेलेही ख्रिस्ताचे शिष्य एकत्र बसतील अशी त्यांची कल्पना होती. दरबार पुढे टिकला नाही, कारण दोनच वर्षांत, 1919 मध्ये, टिळक गेले. पण पगारी सेवक तेवढा देवाचा, ही समजूत त्यांनी आपल्या कृतीने मोडून दाखवली. मनाने ते वारकरी संतांच्या घरी वाढले होते असेच म्हणायचे. आणि वारकऱ्यांची नावे पाहा: सावता माळी, गोरा कुंभार, सेना न्हावी, नरहरी सोनार. नावातच धंदा. आमच्या गीतसंग्रहात इतकी भक्ती आहे, पण त्या भक्ताच्या हातात विळा आहे की वस्तरा आहे की लेखणी आहे, ते बहुधा कळत नाही.

येथे मात्र थोडे थबकायला हवे, कारण श्रमाचे गुणगान करणे ही ज्यांना श्रम करावे लागत नाहीत त्यांची जुनी सवय आहे. त्याच यादीत चोखामेळ्याचे नाव घेतले की जीभ अडखळते. मेलेली ढोरे ओढणे हे त्याचे पाचारण होते असे कोणी म्हणेल तर ते पाखंड होय. मराठी ख्रिस्ती समाजातील पुष्कळ घराणी महारकी आणि मांगकी सोडून आली. त्या कामांना सरकारदरबारी 'वतन' असे भारदस्त नाव होते, पण कनिष्ठ गावकामगारांची ती वतने 1958 च्या कायद्याने रद्द झाली तेव्हा कोणाच्या डोळ्यांत पाणी आल्याचे ऐकिवात नाही. आमच्या पूर्वजांना धर्म हा कामातून सुटण्याचा मार्ग वाटला, आणि तो योग्यच वाटला. तेव्हा प्रत्येक काम पवित्र, असे सरसकट फर्मान मंडळीने काढू नये. कोणते काम माणसाला उभे करते आणि कोणते त्याला वाकवते हे आधी विचारावे लागेल, आणि ते विचारायचे तर कामाकडे प्रथम पाहावे लागेल.

पाहणे म्हणजे काय, हे एका सणावरून सांगतो. खंडेनवमीला आपल्या गावात सुतार करवत-पटाशी धुऊन पुसून मांडतो, शिंपी यंत्राला हार घालतो, एसटीच्या टपालाही झेंडू लागतो. आणि पोळ्याला बैलाच्या शिंगांना रंग लागतो. आमच्या पूर्वजांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा मिशनऱ्यांनी ही हत्यारांची पूजा बंद केली. त्यांच्या दृष्टीने ते सुसंगत होते. हत्याराला देव मानणे आम्हांला शक्य नाही. पण करवतीवरचे फूल काढून घेतले त्या जागी काही ठेवले नाही. वर्षातून एक दिवस माणूस आपल्या हत्याराकडे निरखून पाहत असे, धार गेली आहे काय, मूठ ढिली झाली आहे काय, यंदा याने मला किती दिले, हा विचार करीत असे. तो दिवस आमच्या पंचांगातून गेला. हानी काही झाली असेल तर ती ही. माझ्या वडिलांचा रंधा वर्षभर कोपऱ्यात असे, आणि रविवारी धुतलेल्या कपड्यांत उपासनेला जाताना त्यांच्या बोटांना चिकटलेली सरसाची पुटे ते कडुलिंबाच्या काडीने खरवडून काढीत, जणू देवाच्या घरी ती दाखवण्यासारखी नव्हती.

आपल्या जिल्ह्यातील, म्हणजे 2014 पर्यंत आपल्या ठाणे जिल्ह्यात असलेल्या वसईतील कॅथलिक बंधूंनी या बाबतीत आमच्यापेक्षा जास्त शहाणपण दाखवले, हे प्रोटेस्टंट असूनही मी मान्य केले पाहिजे. उत्तर कोकणातील त्यांच्या समाजात ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा असतो. त्या दिवशी भाताची नवी लोंबी वेदीपाशी येते आणि तिला आशीर्वाद मिळतो. आपल्या भागातले आदिवासी बांधवही नवे भात देवाला दाखवल्याखेरीज तोंडात घालीत नाहीत. एक दाणा दोन श्रद्धांच्या उंबऱ्यांवरून जातो, यात कोणाचे काही बिघडलेले नाही. पण वसईकर लोंबीवर थांबले नाहीत. तेथील शेतकरी पानवेल, केळी आणि भाजी पिकवी, आणि लागवडीच्या पैशासाठी सावकाराच्या वहीत नाव घाली. 1918 मध्ये पापडी येथे मॉन्सिनियर पी. जे. मोनिस या धर्मगुरूंनी पुढाकार घेऊन सहकारी पतपेढी काढली, आणि तीच आज बसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक या नावाने उभी आहे. सहकारी पतसंस्थांचा कायदा आपल्याकडे 1904 चा. त्याच्या मुळाशी जर्मनीतील रायफायझेन या सरपंचवजा गृहस्थाची कल्पना, आणि त्यालाही शेजाऱ्याचे कर्ज हा आपल्या ख्रिस्ती कर्तव्याचा भाग वाटला होता. बासेलच्या कौलांपेक्षा मला पापडीची वही मोठी वाटते, ती एवढ्यासाठी की येथे धर्मगुरूने शेतकऱ्याला नोकरीला ठेवले नाही; शेतकरी आपल्या वाडीचा मालक राहिला, पेढीचा सभासद झाला, आणि मंडळी मालक न होता त्याच्या पाठीशी उभी राहिली. पुढे त्याच भूमीत, विहिरींचे पाणी टँकरने उपसले जाऊ लागले आणि वाड्यांवर इमारतींचे नकाशे पडू लागले, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे 'सुवार्ता' मासिकाचे संपादक लोकांबरोबर हरित वसईच्या चळवळीत रस्त्यावर आले. 2024 मध्ये ते गेले. साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण केळीच्या बागेला पाणी राहावे म्हणून मार खाण्याची तयारी ठेवणारा धर्मगुरू, ही त्यांची ओळख मला अधिक जवळची आहे.

आता आपण आपल्या भातसा नदीच्या काठी परत येऊ. शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांत ख्रिस्ती घरे विरळ आहेत, आणि जी आहेत त्यांतील कर्ती माणसे आसनगावहून लोकल धरतात, भिवंडी-पडघ्याच्या गोदामांत पाळी करतात, कोणी परिचारिका, कोणी शिक्षक, कोणी ठेकेदार. अशा माणसांची मंडळी छोटी असते, पाळक महिन्यातून एकदोनदा येतो. तेथे पेढ्या काढा म्हणणे व्यर्थ. पण छोट्या मंडळीला एक गोष्ट साधते जी मोठीला साधत नाही: तिला प्रत्येकाचे काम नावानिशी ठाऊक असू शकते. पाळकाने आजाऱ्याकडे जावे तसे एखाद्या रात्री गोदामातील पाळी सुटण्याच्या वेळी फाटकाशी उभे राहावे. मध्यस्थीच्या प्रार्थनेत राज्यकर्ते आणि आजारी यांच्याबरोबर त्या आठवड्यात वार्षिक तपासणीला सामोऱ्या जाणाऱ्या कारकुनाचे आणि रात्रपाळीच्या परिचारिकेचे नाव घ्यावे. आणि वर्षातून एकदा, मृगाच्या आधीच्या रविवारी म्हणा, ज्याने त्याने आपले हत्यार आणावे, सुताराने रंधा, परिचारिकेने थर्मामीटर, कारकुनाने शिक्का, आणि ते वेदीसमोर ठेवून, त्याची पूजा न करता, वर्षभरात याने कोणाचे भले झाले आणि कोणाचे अडले, एवढे दोन शब्दांत सांगावे. मी माझा शिक्का ठेवला असता तर मला अकराव्या फेरीपर्यंत थांबावे लागले नसते, अशी माझी समजूत आहे.

हे सारे गोड वाटते. कडू भाग पुढे आहे. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबे आपल्या या पट्ट्यातून वीटभट्ट्यांवर जातात. जाण्याआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको चिखल तुडवून साच्यातून विटा पाडतात, पोरे सुकलेल्या विटा उलटवतात, मजुरी हजारामागे ठरलेली असते, आठवड्याला खर्ची तेवढी हातात येते, आणि पाऊस तोंडावर आला की हिशेब होतो. त्या हिशेबात किती विटा फुटक्या धरल्या, किती खाडे मांडले, उचलीतले किती फिटले, हे वही ज्याच्या हातात आहे तोच सांगतो, आणि पुष्कळदा बाकी उरते ती मजुराकडेच, म्हणजे पुढच्या साली त्याच भट्टीवर येणे आले. वेठबिगारी 1976 च्या कायद्याने बंद आहे. वही मात्र चालू आहे. समजा, अशी वही ठेवणारा आमच्या मंडळीचा सभासद आहे, आणि त्याने मंदिराच्या नव्या छपरासाठी मोठी देणगी दिली आहे. मंडळीने काय करावे? श्रद्धा आणि उद्योग यांची सांगड घाला, असे उपदेश करणाऱ्यांची कसोटी येथे लागते. हत्यारांच्या रविवारी फुले आणि गाणी असतील, पण त्या रविवारी ही वहीही वेदीसमोर यायला हवी. जक्कयाच्या घरी ख्रिस्त जेवायला गेला तेव्हा त्या जकातदाराने मंदिराला देणगी दिली नाही. ज्यांना फसवले त्यांना चौपट परत करीन, असे तो म्हणाला. रक्कम ज्याची त्याच्याकडे गेली. देणगीची पावती फाडण्यापूर्वी आमच्या खजिनदाराने एवढी चौकशी करावी, असा ठराव मी खजिनदार असताना मांडायला हवा होता. मांडला नाही, छपराचे काम अडले असते.

आपणांपैकी बहुतेक जण आमच्या मंडळीचे नाहीत, तरी आपल्याला एक विनंती करून मी थांबतो. उद्या सोमवार. शहापूरची आणि मुरबाडची दप्तरे पावणेदहाला उघडतील. तेथे टेबलामागे एखादा ख्रिस्ती कारकून बसलेला आढळला, तर त्याला नाताळाच्या शुभेच्छा डिसेंबरात द्या, पण उद्या त्याला आपल्या अर्जाची तारीख विचारा. आणि तो गुळमुळीत बोलू लागला तर खालचा खण उघडायला सांगा.